डोलकाठीच्या तारा कानाने जुळवता येतात का?

प्रश्न खानापुरातून आला आहे. थोडक्यात असा: गोव्यातून सोळा फुटी जुनी फायबरची शीडबोट घेतली आणि चोर्ला घाटातून ट्रेलरवर घालून वर आणली. अ‍ॅल्युमिनियमची काठी सुमारे सहा मीटर उंच. पुढे एक तार, दोन्ही बाजूंना एक वरची आणि एक खालची तार, स्प्रेडरची (वरच्या तारा बाहेर ढकलून धरणाऱ्या आडव्या दांड्यांची) एक जोडी, मागे तार नाही. विकणाऱ्याने जाताना एवढंच सांगितलं, ‘तारा टणटणीत ठेवा, बाकी काही नाही.’ घरात तीन पिढ्यांचा तंबोरा, म्हणून टिचकी मारून डावी-उजवी एका सुरात आणली. नंतर ट्रेलरवरून परत गोव्यात नेऊन उतरवली, तर बोट वारा एका अंगावर घेऊन मस्त पळते आणि दुसऱ्या अंगावर वाऱ्याला भिडतच नाही. तारा अजून ताणू का? किती ताणू? कानाने जमतं का, की परदेशातून टेन्शन गेज मागवू?

माझा धंदा बेळगावच्या उद्यमबागेतला, लेथ आणि मिलिंगचा. गेली वीस-बावीस वर्षं पाऊस सोडून उरलेले शनिवार-रविवार गोव्यात मांडवी नदीत घालवतो. त्या भरवशावर सांगतो.

तारा अजून ताणू नका. दोन्ही अंगांवर बोट मरगळलेली असती तर ताणाचा संशय घेतला असता. एकाच अंगावर रुसते आहे, तर काठी एका बाजूला कललेली तरी आहे, नाहीतर मधे वाकते आहे. आणि ही गोष्ट तुमच्या कानाला कधीच कळणार नाही. तुमचा कान कच्चा आहे असं मी म्हणत नाही, त्यात तारांचीच गंमत आहे.

रस्सीखेच आठवा. दोरीच्या मधला रुमाल इकडे सरको की तिकडे, दोरीतला ताण दोन्हीकडे सारखाच असतो. काठीचंही तसंच. बुंधा नुसता खोबणीत टेकलेला, वरून डावी तार आणि उजवी तार ओढणार. डावीकडचं टर्नबकल, म्हणजे तारेच्या खालच्या टोकाचा ताण कमी-जास्त करायचा स्क्रू, दोन फेरे आवळलं की डावा ताण वाढून उजवा मागे राहील असं वाटतं, पण होत नाही. काठी डावीकडे झुकते, उजवी तार खेचली जाते, आणि दोन्ही ताण पुन्हा बरोबरीला येतात. म्हणजे काठी सरळ असो वा दोन इंच कललेली, डाव्या-उजव्या वरच्या तारांचा सूर एकच लागणार. तुम्ही दोन्हीकडे टिचकी मारलीत, सूर जुळला, तुम्ही खूश. तो न जुळवताही जुळलाच असता.

राहिला प्रश्न ताण किती आहे हे आवाजावरून ओळखण्याचा. तेही अवघड. तीन मिलिमीटरची तार, शंभर किलोचा ताण, आणि बोटीच्या काठापासून स्प्रेडरपर्यंतचा तीनेक मीटरचा मोकळा तुकडा धरला तर तो सेकंदाला पंचवीसेक वेळा थरथरतो. माणसाचा कान साधारण वीसच्या खाली ऐकतच नाही. पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाहूनही हा सूर सप्तकापेक्षा जास्त खाली. तुम्हाला जे ऐकू येतं ते वरचे स्वरांश आणि पोकळ काठीचा घुमारा. त्यात ताण दीडपट केला तरी सूर चढतो तो फक्त सा पासून कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठेतरी. शंभर किलो आणि दीडशे किलो यांतला फरक एवढासाच. मिरजेचा तंबोरा लावणाऱ्याला गंधार कळेल हो, पण मूळ षड्ज कुठला धरायचा हे त्याला कोण सांगणार?

तेव्हा कान बाजूला ठेवा आणि ओळंबा, स्टीलचा टेप आणि दोन मीटरची पट्टी घ्या. यातलं काहीही गोव्याहून मागवायला नको, बेळगावच्या कुठल्याही गवंड्याकडे आणि सुताराकडे मिळेल.

सगळ्याच्या आधी एक गोष्ट. अंगणात काठी उभी करताना मान वर करून बघा. सहा मीटरची अ‍ॅल्युमिनियमची काठी, खाली ट्रेलरची उंची, म्हणजे टोक सात मीटरच्या वर जातं. आपल्याकडे शेतघराच्या दारातून आणि तळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावरून विजेच्या तारा किती खालून जातात ते तुम्हाला माहीत आहे. काठी उभी असताना ट्रेलर एक फूटसुद्धा हलवायचा नाही.

आता काठी आडवी असतानाच तारा तपासून घ्या. हातात जुनं सुती फडकं धरून तारेवरून सावकाश फिरवा. फडक्याचा धागा कुठे अडकला तर तिथे एखादी बारीक तार तुटली आहे. बोटं फिरवू नका, ती तुटकी तार सुईसारखी नखाखाली जाते. तारेच्या टोकाला दाबून बसवलेली जी नळी असते तिच्या तोंडाशी तांबूस ओघळ आहे का, नळीवर उभी चीर आहे का, हे भिंगाने बघा. स्टेनलेस गंजत नाही हा गैरसमज आहे. त्याला हवा लागते. खारं पाणी आत कोंडून राहिलं आणि हवा पोचली नाही की तो आतून कुरतडला जातो. म्हणून जिथे चिकटपट्टीचे जाड वेढे घातलेले असतील ते आधी सोडा. बहुतेक घाण त्याखालीच सापडते. एक जरी बारीक तार तुटलेली दिसली तरी ती अख्खी तार बदला, आणि तिची जोडीदारही. दहा वर्षांहून जुन्या तारा असतील, किंवा वय सांगायला कोणी नसेल, तर मी न बघताच बदलतो.

टर्नबकलचे आटे बघा. स्टेनलेसवर स्टेनलेस, त्यात ताणाखाली कोरडं फिरवलं, की आटे एकमेकांना चावतात आणि जागच्या जागी सीझ होतात. मग हॅकसॉ. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे, म्हणून सांगतो: फिरवण्याआधी आटे ब्रशने साफ करा, अँटी-सीझ किंवा लॅनोलिनचं ग्रीस लावा. आणि स्पॅनरला पाइप घालून आवळू नका. तुम्ही तो घातला असणार, प्रश्नातल्या ‘टणटणीत’वरूनच कळतं. फिरवताना दुसऱ्या स्पॅनरने तारेच्या टोकाची नळी धरून ठेवायची. नाहीतर टर्नबकलबरोबर तारही पिळली जाते आणि तिचा पीळ सुटतो.

मग बोट लेव्हलमध्ये आणायची. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या. डाव्या-उजव्या काठाला लावून पाणी सारखं येईपर्यंत ट्रेलरखाली फळ्या सरकवा. पुढे-मागेही बोट पाण्यात जशी बसते तशी बसवा. इथे घाई केली तर पुढची सगळी मापं फुकट.

काठी उभी करून तारा हाताने जेवढ्या बसतील तेवढ्याच बसवा. शीड वर चढवायच्या दोरीला स्टीलचा टेप बांधून टोकापर्यंत वर न्या आणि दोरी पक्की करा, म्हणजे मापं घेताना ती सरकणार नाही. टेप खाली आणून डावीकडच्या तारेच्या बुंध्यापाशी काठाला लावा, आकडा वहीत. मग उजवीकडे, तसाच, तेवढ्याच हाताने ओढून. दोन आकडे सारखे आले तर काठी सरळ. तुमचे सारखे येणार नाहीत. तारांपाशी तुमच्या बोटीची रुंदी १.७ मीटरच्या आसपास धरली, तर दोन मापांत दहा मिलिमीटरचा फरक म्हणजे काठीचं टोक सुमारे पस्तीस मिलिमीटर बाजूला. टर्नबकल एम-६ चं असेल तर एका आट्याची पिच एक मिलिमीटर, आणि दोन टोकांना उलटसुलट आटे असल्यामुळे एका पूर्ण फेऱ्यात तार दोन मिलिमीटर कमी-जास्त होते. दहा मिलिमीटरच्या फरकाला तुमच्या काठीवर एका बाजूचे अडीच फेरे सोडायचे आणि दुसऱ्या बाजूचे अडीच आवळायचे. टेपने पुन्हा मोजा. तीन मिलिमीटरच्या आत आलं की मी पुढे जातो.

दोन्ही काठांवरच्या पट्ट्या, जिथे तारा बोल्ट केलेल्या असतात, त्या नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, सारख्या अंतरावर आहेत की नाही हेही एकदा टेपने बघून घ्या. जुन्या बोटीत कधी कधी नसतात. मग काठावरचा सारखेपणा खोटा ठरतो.

त्यानंतर मागचा झुकाव. शीडाच्याच दोरीला ओळंबा लटकवा. वाऱ्याने तो हलेल, म्हणून खाली पाण्याची बादली ठेवून ओळंब्याचं वजन तिच्यात बुडवा, दोन मिनिटांत शांत होतो. सहा मीटरच्या काठीला एक अंश झुकाव म्हणजे बुंध्याशी ओळंबा काठीपासून सुमारे १०५ मिलिमीटर मागे. सुरुवातीला शंभर ते दीडशेच्या मधे ठेवा. हे पुढच्या तारेच्या लांबीने ठरतं, बाजूच्या तारांनी नाही.

आता ताण, म्हणजे तुमचा मूळ प्रश्न. गेज नको. दोन मीटर लांब सरळ लाकडी पट्टी घ्या. तारा हाताने बसवलेल्या असतानाच पट्टीचं वरचं टोक वरच्या तारेला चिकटपट्टीने घट्ट बांधा, असं की पट्टीचं खालचं टोक तारेच्या नळीच्या तोंडाला नुसतं टेकेल, आणि बाकी पट्टी मोकळी राहील. आता डावीकडे एक फेरा, उजवीकडे एक फेरा, पुन्हा डावीकडे एक, उजवीकडे एक, असं आवळत जा. तार ताणली की लांबते, पट्टी लांबत नाही. पट्टीचं टोक आणि नळी यांच्यात फट पडायला लागते. व्हर्नियरने ती मोजा. एकोणीस बारीक तारांच्या एकाच वेढ्यातली जी कडक तार अशा बोटींवर असते, तिला दोन मीटरमागे एक मिलिमीटर फट म्हणजे तिच्या तुटण्याच्या ताकदीच्या पाच टक्के ताण. तार जाड असो वा बारीक, हे गणित तेच. तीन मिलिमीटरची तार साधारण सातशे किलोला तुटते असं धरा. एक मिलिमीटर म्हणजे पस्तीस किलो. तीन मिलिमीटर फट, म्हणजे पंधरा टक्के, म्हणजे एकशे पाच किलो. तुमच्या वरच्या तारांना एवढं बस. खालच्या तारांना त्याहून कमी, दहा टक्क्यांच्या आसपास.

पहिल्यांदा मी हे उद्यमबागेत शेडच्या दारात केलं तेव्हा शेजारच्या फाउंड्रीतला म्हातारा फोरमन बघत उभा राहिला. म्हणाला, “काय गा, तार मोजूलालास की पट्टी?” मी सांगितलं तार. त्याने फट बघितली, व्हर्नियर माझ्या हातातून घेतला, स्वतः मोजली, आणि म्हणाला, “मग गेज कशाला पाहिजे?” तेव्हापासून माझ्याकडेही गेज नाही.

जास्त का नको? चार बाजूच्या तारा आणि पुढची, सगळ्यांचा ताण शेवटी काठीच्या बुंध्यातून बोटीत उतरतो. पंधरा टक्क्यांवरच बुंध्यावर तीन-चारशे किलो दाब येतो, म्हणजे पाच माणसं त्या एवढ्याशा खोबणीवर उभी. पाइप लावून पस्तीस टक्के केलात तर जुनी फायबरची बोट मधे बसते, बाजू आत येतात, आणि मग तारा पुन्हा सैल वाटतात म्हणून माणूस अजून आवळतो. हा फेरा कुठे संपतो ते मी दोन बोटींत बघितलं आहे.

खालच्या तारांचं काम वेगळं, त्या काठीचा मधला भाग सांभाळतात. तुमचे स्प्रेडर मागे वळलेले आहेत, त्यामुळे वरच्या तारा ताणल्या की स्प्रेडर काठीचा मधला भाग पुढे ढकलतात. थोडा पुढे गेलेला चालतो, चांगलाच असतो. शीडाची दोरी बूमच्या (शीडाच्या खालच्या आडव्या दांड्याच्या) सांध्यापाशी काठीच्या मागच्या अंगाला ताणून धरा. स्प्रेडरपाशी दोरी आणि काठीत दोन बोटं फट दिसली की पुरे. पण खालच्या तारा जास्त ओढून मधला भाग मागे वाकवला, तर मात्र धोका. अशी उलटी वाकलेली काठी लाटेच्या एका दणक्यात मोडू शकते. काठीच्या मागच्या अंगाला शीड सरकवायची खाच असते, बुंध्याशी उताणं पडून तिच्यातून वर बघा, खाच पुढे थोडी वाकलेली पण डावी-उजवीकडे अगदी सरळ दिसली पाहिजे.

स्प्रेडर काठीशी काटकोनात नकोत, टोकं किंचित वर. तार स्प्रेडरच्या टोकावरून जाते तिथे वरचा कोन आणि खालचा कोन सारखा असावा. आणि टोक तारेला बांधलेलं असावं. एवढंच.

इथपर्यंत खानापुरात. पुढचं पाण्यात. धरणाच्या पाण्यात परवानगीशिवाय उतरू नका. राकसकोपचा तर विचारही नको, ते बेळगावचं पिण्याचं पाणी आहे. मांडवीतच या. तुमच्या तालुक्यातल्या भीमगडच्या रानातून निघालेली म्हादई खाली येऊन मांडवी होते, आणि त्याच नदीकाठी, दिवाडी बेटावर बांधलेल्या म्हादई नावाच्या बोटीवरून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने जग फिरून आले. तेव्हा तुमच्या बोटीला हे पाणी परकं नाही.

दुपारी बाराच्या सुमाराला समुद्रावरून वारा चढतो. ताशी अठरा-वीस किलोमीटरपर्यंत येऊ द्या. वाऱ्याला भिडून चला, बोट पंधरा-वीस अंश कलू द्या. आता वाऱ्याआडची, म्हणजे वारा येतो त्याच्या पलीकडच्या बाजूची, तार बघा. ती नुकतीच सैल पडायला लागलेली, हाताने हलेल इतपत असावी. फडफडत असेल तर ताण कमी, जमिनीवर होती तशीच कडक असेल तर ताण जास्त. मग पुन्हा उताणं पडा आणि खाचेतून वर बघा. टोक वाऱ्याआड पडत असेल तर वरच्या तारांना थोडं हवं. मधला भाग वाऱ्याआड पोटासारखा बाहेर येत असेल तर खालच्यांना हवं.

इथेच सगळे चुकतात. वाऱ्याकडच्या, ओझ्याखालच्या तारेचं टर्नबकल कधी फिरवायचं नाही. वाऱ्याआडची, सैल असलेली फिरवायची. अर्धा फेरा द्या, वहीत लिहा, टॅक करा, म्हणजे बोट वळवून वारा दुसऱ्या अंगावर घ्या, आता जी बाजू सैल झाली तिथे तेवढाच अर्धा फेरा द्या. टॅक करा, बघा. जोडीने जायचं. एका बाजूलाच दोनदा दिलंत तर टेपने सरळ केलेली काठी पुन्हा कलली समजा.

सुकाणूचा दांडा सोडला की बोट हळूच वाऱ्याकडे वळली पाहिजे, आणि सरळ चालताना दांडा तीन-चार अंश धरावा लागला पाहिजे. खूप ओढावं लागत असेल तर काठी पुढची तार आवळून थोडी सरळ करा. पण आधी शीड बघा. जुनं, पोट सुटलेलं शीड, आणि बोट वाजवीपेक्षा जास्त कललेली, या दोघांचं पाप लोक काठीच्या झुकावावर घालतात.

पाण्यात समाधान झालं की किनाऱ्यावर येऊन टर्नबकलांना कुलूप लावायचं, म्हणजे ती आपोआप फिरणार किंवा सुटणार नाहीत अशी पिनांनी पक्की करायची. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण मी स्वतः शेवटी ठेवलं होतं आणि विसरलो होतो. माझ्या आधीच्या बोटीवर टर्नबकल काठाच्या पट्टीला धरून ठेवणाऱ्या पिनेला स्प्लिट पिनऐवजी वळी रिंग घातली होती, पटकन काढता येते म्हणून. त्यावर टेप नव्हता. टॅक करताना पुढच्या शिडाची दोरी त्या रिंगमध्ये अडकली, रिंग उलगडून पाण्यात गेली. मला कळलंही नाही. पुढच्या टॅकला ती बाजू वाऱ्याकडे आली, पिन निघाली, आणि काठी अगदी सावकाश, झाड पडतं तशी, दुसऱ्या बाजूला आडवी झाली. आवाज फार नाही झाला. पोरगं नाळेजवळ बसलेलं, त्याच्यापासून हातभर अंतरावर स्प्रेडर पडला. तेव्हापासून मी फक्त स्प्लिट पिन वापरतो, दोन्ही पाय थोडेच, वीसेक अंश, उघडे वाकवलेले, म्हणजे काढताना तुटत नाहीत, आणि वर टेपचा एकच वेढा. एकच, कारण जाड गुंडाळलं की पाणी कोंडतं, ते वर सांगितलंच आहे.

गेजचे पैसे वाचवा आणि त्यात एक जोडी नव्या तारा घ्या. टेपने घेतलेले डावे-उजवे आकडे, आणि किती फेरे सोडले-आवळले, हे कळवा. फरक वीस मिलिमीटरच्या वर आला तर अजून काही फिरवू नका. मग गोष्ट तारांची नाही, पट्ट्या किंवा काठीचा बुंधा सरकलेला आहे, आणि ते मला प्रत्यक्ष बघावं लागेल.